सोनगीरची चाकोरी, फोर बाय फोरची स्वारी

वीकएण्डला पुन्हा तेच लोणावळा आणि तोच ट्रॅफिक? त्यापेक्षा मुंबई-आग्रा हायवे पकडा आणि थेट खान्देश गाठा. तिथे रस्ता संपतो, तिथून खरी धमाल सुरू होते. पण तो रस्ता नेमका कुणाचा, हे आधी विचारून घ्या!

तुमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारून बघा. दोन-तीन थार, एखादी जिम्नी, कोपऱ्यात एक धुळकट स्कॉर्पिओ. सगळ्यांचे टायर कसे एकदम टकाटक, चिखलाचा एक ठिपका नाही. गिअरच्या शेजारचा तो दुसरा छोटा दांडा यातल्या किती मालकांनी कधी हलवला असेल? माझा अंदाज विचाराल तर दहातला एक. बाकीच्यांसाठी फोर बाय फोर म्हणजे मॉलच्या रॅम्पवर जरा ताठ मानेने चढायची सोय!

मीही त्या नऊजणांतलीच. माझ्याकडे तर गाडीच नाही, लोकल आहे. पण धुळ्यात माझा एक मावसभाऊ आहे आणि त्याच्याकडे एक जीप आहे. जीप कसली, प्रकरणच आहे ते. गेली कित्येक वर्षं दर दिवाळीला मावशीच्या घरी गेलं की तीच तक्रार ऐकू येते, ‘याचं निम्मं दुकान त्या डबड्यात जातं.’ अखेर डिसेंबरातल्या एका शनिवारी मी म्हटलं, ‘दादा, दाखवच तुझं डबडं काय करतं ते.’ दादा म्हणाला, ‘सोनगीरला चल.’

सोनगीर म्हणजे धुळ्याहून शिरपूरकडे निघालं की साधारण वीस किलोमीटरवरचं, हायवेलगतचं गाव. इंदूरला जाणाऱ्यांना ते टोलनाक्यामुळे माहीत असतं आणि बायकांना तांब्या-पितळेच्या भांड्यांमुळे. मागे एक बुटका डोंगर, त्यावर किल्ला. बस, एवढंच. गाडी न थांबवता नव्वदच्या स्पीडने पुढे जायचं गाव!

पण जरा नकाशा बघा. ठाण्याहून निघालं की इगतपुरी, नाशिक, मालेगाव, धुळे, सोनगीर... सगळं एकाच मुंबई-आग्रा रस्त्यावर. गंमत म्हणजे आपल्याकडच्या जीपचाही हाच रस्ता. १९४५ मध्ये महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनी ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. अमेरिकेच्या विलीज जीपचे सुटे भाग मागवून ते मुंबईत जोडण्यापासून हा सगळा खटाटोप सुरू झाला. पुढे याच रस्त्यावर इगतपुरीला इंजिनं आणि नाशिकला गाड्या बनू लागल्या. आजची थार नाशिकचीच. आणि इथून पुढे खान्देशात काळ्या-पिवळ्या जीपनी वर्षानुवर्षं गावोगावची माणसं ओढली. पुढच्या सीटवर चारजण, मागे बारा आणि टपावर देवाच्या भरवशावर जे येतील ते. मॉडिफाइड जीप हे शहरी फॅड आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या काळ्या-पिवळ्या आठवाव्यात. मागच्या पाट्यांमध्ये जादा पानं, टपावर जादा कॅरिअर, मागे लोंबकळायला जादा दांडे. सगळं गरजेपोटी, आणि सगळं गावातल्याच वेल्डिंगवाल्याकडून.

गच्चीवरचे टायर

दादाची जीप नव्वदच्या दशकातली आहे. एमएम ५४०. प्यूजोचं २.१ लिटरचं डिझेल इंजिन, ताकद जेमतेम साठ घोड्यांची. म्हणजे तुमची आजची साधी हॅचबॅकसुद्धा हायवेवर हिला लीलया मागे टाकेल. एसी नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, दरवाजेही नाहीत. कॅनव्हासचा हूड आहे, पण तो दादाला आवडत नाही म्हणून तो घरीच असतो. डिसेंबरच्या सकाळी सहा वाजता खान्देशात उघड्या जीपमधून फिरणं म्हणजे काय, हे सांगायला माझे दात अजून नीट जागेवर आलेले नाहीत.

‘मॉडिफाइड’ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर पंजाब-हरियाणाच्या सीमेवरच्या मंडी डबवालीत बनणाऱ्या त्या जीप होत्या. उंचच उंच, रुंद टायर, पुढे लोखंडी बंपर, कर्कश हॉर्न. दादाची बघून मी जरा हिरमुसलेच. ही तर एखाद्या जुन्या सिनेमातल्या फॉरेस्ट ऑफिसरच्या गाडीसारखी!

‘रुंद टायर होते की,’ दादा म्हणाला. ‘आता गच्चीवर आहेत. मावशीने त्यात गवती चहा लावलाय.’

त्यामागे कारण आहे, आणि नवी थार घेऊन थेट ॲक्सेसरीजच्या दुकानात शिरणाऱ्या प्रत्येकाने ते ऐकायला हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की नोंदणीच्या वेळी गाडीचा जो तपशील लिहिला, तो मनाला येईल तसा बदलता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे अगदी ठणकावून सांगितलं. कंपनीने मूळ दिलेल्या रचनेपेक्षा वेगळी गाडी रस्त्यावर चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षाही ठरवली. बेकायदा बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्हीही. पुढे लावतात ते लोखंडी बुलबार तर त्याआधीच, डिसेंबर २०१७ मध्ये, केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने काढायला लावले. ते दिसायला भारदस्त असले, तरी पायी चालणाऱ्याला धडक बसली तर त्याचा जीव घेतात आणि एअरबॅगच्या कामातही अडथळा आणतात. दादाने बुलबार भंगारात घातला, टायर गच्चीवर नेले आणि मूळच्या मापाचे, ६.००-१६ चे अरुंद टायर परत चढवले. फक्त खोल खाचांचे.

मग उरलं काय? तर जे दिसत नाही ते सगळं. पाटे पुन्हा घडवून घेतलेले, शॉकॲब्जॉर्बर नवे. पोटाखाली जाड पत्रा, म्हणजे दगड लागला तरी ऑइलची टाकी फुटत नाही. पुढे-मागे ओढायचे मजबूत हूक, सीटखाली हाताने चालवायची विंच. आणि मागच्या ॲक्सलला लॉकर. हा लॉकर काय करतो, ते पुढे नाल्यात समजेलच.

‘लोकांना दिसतील अशा वस्तूंवर लोक लाखभर रुपये घालवतात,’ इति दादा, ‘आणि टायरमधली हवा कधी मोजत नाहीत.’

आधी पायी, मग गाडी

जीप किल्ल्यावर जात नाही. न्यायचीही नाही. तशी इच्छा मनात आलीच, तर आधी दरवाजाजवळची ढासळलेली दगडं बघा आणि मग ती इच्छा मुकाट्याने गिळा. आम्ही गाडी गावात लावून पायीच चढलो. वीसेक मिनिटं लागली. एकेकाळी या वाटेवर नजर ठेवायला हा किल्ला फार मोक्याचा. फारुकी, मुघल, निजाम, मग मराठे अशी हातबदल करत तो पेशव्यांकडून विंचूरकरांकडे आला आणि १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. आता वर तटाचे तुकडे, एक खोल विहीर आणि वारा. पण वरून जे दिसतं, त्यासाठी चढाच. एका बाजूला हायवेवरचे ट्रक मुंग्यांसारखे, आणि चहूकडे काळ्या-तपकिरी शेतांचे चौकोन. त्या सपाटीतून मध्येच भिंतीसारख्या लांबच लांब, अरुंद टेकड्या उठलेल्या.

या भिंती म्हणजे खान्देशचं खास वैशिष्ट्य. भूगर्भवाले त्यांना डाइक म्हणतात. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वाहत होता, तेव्हा जमिनीला पडलेल्या उभ्या भेगांमध्ये तो रस घुसला आणि थिजला. आजूबाजूचा खडक झिजून गेला, आत थिजलेला टणक दगड मात्र भिंत होऊन उभा राहिला. धुळे-नंदुरबार पट्ट्यात अशा भिंती शेकड्यांनी आहेत आणि बहुतेक पूर्व-पश्चिम धावतात. साहजिकच उत्तर-दक्षिण जायचं तर भिंतीत कुठेतरी खिंड शोधावी लागते. तिला इथे ‘बारी’ म्हणतात. सुरतेच्या रस्त्यावरची कोंडाईबारी ऐकली असेल, त्यातलीच बारी. आमचा बेत साधा होता. मुरमाच्या वाटेने एका छोट्या बारीपर्यंत जायचं, ती ओलांडून पलीकडच्या काळ्या मातीत उतरायचं आणि नाला पार करून डांबरीवर यायचं. एकूण नऊ किलोमीटर.

‘मग नाश्त्यापर्यंत परत!’ मी म्हटलं. दादा फक्त हसला.

हे नऊ किलोमीटर दादाने जीपीएसवर शोधले नव्हते. त्याने खिशातून घडी घातलेली झेरॉक्स काढली. गावनकाशा! भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो तो, गटनंबरवाला. मला वाटलं, हा आता जमीनबिमीन घेतोय की काय. पण ऑफ-रोडिंगचा याहून चांगला नकाशा नाही, हे मला त्या दिवशी कळलं. या नकाशावर तुटक दुबार रेष दिसली की तो गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. तुटक एकेरी रेष दिसली की पायवाट, सव्वाआठ फूट. आणि जिथे रेषच नाही ते कुणाचं तरी वावर. तिथे आपलं काही काम नाही. बस्स, नियम संपले.

डांबरी सोडल्या सोडल्या दादाने जीप थांबवली आणि खाली उतरून टायरमधली हवा सोडायला लागला. तीसच्या आसपास होती, ती अठरावर आणली. हवा कमी झाली की टायर जमिनीवर लांबट पसरतो, पकड वाढते आणि दगडाला कडेने ठोकर न देता त्याच्यावर गादीसारखा बसतो. मग पुढच्या दोन्ही चाकांचे हब हाताने फिरवून लॉक केले. जुन्या जीपना आजच्यासारखं बटण नसतं. चिखलात फसल्यावर ही आठवण झाली तर चिखलातच गुडघे टेकायचे!

‘बस,’ दादा म्हणाला आणि ड्रायव्हरच्या सीटकडे बोट दाखवलं.

‘मी?’

‘मग काय मी? लिहिणार तू आहेस ना?’

पहिली सूचना अंगठ्यांची. स्टिअरिंग धरताना अंगठे आत अडकवायचे नाहीत, बाहेर कडेवर ठेवायचे. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीचं पुढचं चाक दगडाला आपटलं की स्टिअरिंग असं गर्रकन फिरतं की आतला अंगठा मोडतो. दुसरी सूचना दांड्याची. फोर-लो. या गिअरमध्ये इंजिनाची ताकद कित्येक पटींनी वाढून चाकांपर्यंत पोहोचते, पण वेग चालणाऱ्या माणसाइतका. तिसरी सूचना, क्लचला पायच लावायचा नाही.

बारीचा चढ म्हणजे फुटबॉलएवढ्या दगडांचा जिना होता. दादा पुढे चालत गेला, पायाने दगड चाचपले, दोन बाजूला सारले आणि वर उभा राहून हातवारे करू लागला. फर्स्ट गिअर, फोर-लो. मी ॲक्सिलरेटरवरून पाय जवळपास काढलाच होता. आणि ती म्हातारी जीप गुरगुरत, एकेक चाक उचलून नीट बघून ठेवल्यासारखी चढायला लागली. एखादी आजी मंदिराच्या पायऱ्या चढते ना, अगदी तशी. ना धूळ, ना उड्या, ना जाहिरातीतला तो पाण्याचा फवारा. दहा मिनिटांत साठेक मीटर. वर पोहोचले तेव्हा पाठ घामाने भिजली होती. डिसेंबरात! आणि हसू मात्र थांबत नव्हतं. ट्रेडमिलवर वर्षभर धावून जे मिळालं नाही, ते या साठ मीटरात मिळालं.

उतरताना आणखी मजा. ब्रेक नाही, क्लच नाही. गाडी इंजिनाच्या जोरावरच स्वतःला अडवत उतरते. ब्रेक दाबला की चाकं लॉक होतात, मुरमावरून घसरतात आणि घसरलेल्या चाकाला स्टिअरिंग जुमानत नाही. उतारावर ब्रेककडे पाय न जाऊ देणं, हे दिवसातलं सगळ्यात अवघड काम आहे असं मला तेव्हा वाटलं. ते अजून यायचं होतं.

आबांच्या काट्या

पलीकडे काळी माती सुरू झाली. कोरडी असली तर ही वाट मलमलीसारखी. पण ओली झाली की हीच माती टायरच्या खाचांमध्ये भरते, खाचा बुजतात आणि सहा-सात हजारांचा टायर साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत होतो. वाटेच्या दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस, पलीकडे दादर उभी. दादर म्हणजे खान्देशातली रब्बीची ज्वारी, पाण्याशिवाय काळ्या मातीतल्या ओलीवर येणारी. आणि समोर दोन समांतर खोल रेघा. बैलगाडीच्या, आता बहुतेक ट्रॅक्टरच्या चाकांनी पडलेल्या. चाकोरी!

मी मास कॉमला होते तेव्हा आमच्या प्रत्येक असाइनमेंटवर सर लिहायचे, ‘चाकोरीबाहेरचा विचार करा.’ हा शब्द मी हजारदा वापरला असेन, चाकोरी मात्र कधी बघितली नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदा बघितली आणि पहिल्यांदाच कुणीतरी ओरडलं, ‘चाकोरी सोडू नकोस!’ कारण चाकोरीच्या एक फूट बाहेर कुणाचा तरी हरभरा होता.

तीन-चारशे मीटर गेल्यावर वाटेत बाभळीच्या काट्या आडव्या टाकलेल्या दिसल्या. पलीकडे बांधावर एक गृहस्थ बसलेले. सत्तरीचे असावेत. पांढरी टोपी, अंगात स्वेटर. उठले नाहीत.

‘कथा चालनात भाऊ?’

दादा उतरला, चप्पल काढून बांधावर त्यांच्याशेजारी टेकला. ‘राम राम आबा. नाल्याकडे चाललोय. नकाशावर रस्ता आहे म्हणून आलो.’

‘रस्ता शे. पन पुढे पानी सोडेल शे.’ मग माझ्याकडे बघून ते प्रमाण मराठीवर आले. ‘गव्हाला पाणी सुरू आहे बेटा. वाट ओली आहे. तुमची गाडी जाईल. तिला काय होतंय? पण परवा माझी ट्रॅक्टरची ट्रॉली कापूस भरून याच वाटेने निघायची आहे.’

चहा घरून आलेला होता. किटलीतला, जास्त साखरेचा. आम्हाला दिला आणि मग गोष्ट निघाली. दिवाळीच्या आसपास अवकाळी पाऊस झाला होता, त्यानंतरच्या रविवारी चार-पाच जीप आल्या. मोठे टायर, गाणी लावलेली. ओल्या वाटेत फसल्या, चाकं गरगर फिरवली, गुडघाभर खड्डे पाडले. मग बाहेर निघायला बांध फोडला आणि हरभऱ्यातून गेल्या. ‘व्हिडिओ काढत होते,’ आबा म्हणाले. राग होता, पण आवाज चढला नाही. खड्डे बुजवायला मुरमाच्या दोन ट्रॉल्या लागल्या, आणि त्या स्वतःच्या पैशाने.

पण या वाटेवर त्यांचा एवढा जीव का, ते त्याच्या पुढे कळलं. काही वर्षांपूर्वी ही वाट बंद होती. शेजारच्याने नांगरून टाकली. आबांच्या वावरातून डांबरीपर्यंत जायला दुसरा रस्ता नाही. त्या हंगामात त्यांनी आणि मुलांनी कापसाची ओझी डोक्यावरून बांधाबांधाने नेली. तहसीलदारांकडे अर्ज केला. शेतरस्त्यातला अडथळा काढायला आजही १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा वापरतात, आणि बांधावरून नवी वाट मागायची तर जमीन महसूल संहितेचं, म्हणजे १९६६ चं, कलम १४३ आहे. तारखा झाल्या, स्थळपाहणी झाली, पंचनामा झाला. नकाशावरची ती तुटक दुबार रेष त्यांच्या बाजूने उभी राहिली आणि वाट मोकळी झाली. सरकारने २०२१ मध्ये मातोश्रींच्या नावाने शेत-पाणंद रस्त्यांची योजना आणली, त्यात ही वाट पक्की व्हावी म्हणून आबांनी ग्रामपंचायतीत पुन्हा अर्ज दिलाय.

म्हणजे बघा. आपण ज्याला ट्रेल म्हणतो आणि जिथे ‘रस्ता नाही’ म्हणून पैसे खर्च करून जातो, तो एका माणसाने कोर्टकचेऱ्या करून मिळवलेला रस्ता असतो.

‘कोरडी झाली की या,’ आबा म्हणाले. ‘मग काट्या काढतो.’

कायद्याने बघायचं तर वाट सार्वजनिक, आम्ही पुढे गेलो असतो तर आबा अडवू शकले असते का, हा प्रश्न मी परतीच्या वाटेवर दादाला विचारला. तो म्हणाला, ‘वाट त्यांना परवा लागणार आहे. मला परवा दुकानात बसायचंय.’

वळायला जागा नव्हती. दोन्ही बाजूंना पीक. म्हणजे सबंध तीन-चारशे मीटर रिव्हर्स! दादा मागे चालत, मी आरशात फक्त त्याचा हात बघत. डावा, डावा, सरळ, थांब. चाकोरीतून मागे जाताना चाक जरा वर चढलं की गाडी तिरकी होऊन थेट कापसाकडे निघते. पॉवर स्टिअरिंगविना खांदे भरून आले. बारीचा चढ दहा मिनिटांत झाला होता, ही वाट उलटी यायला पंचवीस मिनिटं लागली. कापसाचं एक बोंडही पडलं नाही. मागे आबा बांधावर उभे राहून बघत होते. शेवटी त्यांनी हात वर केला. टाटा की शाबासकी, माहीत नाही. मी शाबासकीच धरली.

नाला

आबांनीच दुसरी वाट सांगितली होती. वरच्या अंगाला, जिथे बैल पाण्यावर उतरतात तिथून नाला ओलांडा. बैल उतरतो तिथला काठ पक्का असतो आणि उतारही बेताचा असतो. हे कुठल्याही ऑफ-रोड मॅन्युअलमध्ये वाचलेलं नाही, पण असायला हवं.

इथे पुन्हा तोच क्रम. आधी पायी. पॅण्ट वर करून मी काठी घेऊन पाण्यात उतरले. घोट्याएवढंच पाणी, पण मधोमध काठी एकदम हातभर आत गेली. पोचट वाळू. ती जागा टाळायची. आजची थार साडेसहाशे मिलिमीटर पाण्यातून जाते असं कंपनी सांगते आणि ते खरंही असेल, पण पाण्याखाली काय आहे ते कंपनी सांगू शकत नाही, काठी सांगते.

पाण्यातून जीप बोटीसारखी शांत गेली. पलीकडचा काठ तिरका होता आणि तिथे एक क्षण असा आला की पुढचं डावं चाक हवेत, मागचं उजवं हवेत आणि जीप जागच्या जागी झुलतेय. हवेतली चाकं मजेत फिरताहेत, जमिनीवरची ढिम्म! मला वाटायचं फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना सारखी ताकद. तसं नसतं. ॲक्सलमधला डिफरन्शिअल हा स्वभावाने आळशी गडी आहे, ज्या चाकाला अडथळा कमी त्यालाच फिरवतो. हवेतल्या चाकाला अडथळा शून्य, म्हणून सगळी फिरकी तिकडे. म्हणजे चार चाकांची गाडी दोन चाकं अधांतरी होताच शून्य चाकांची होते. इथे लॉकर कामाला येतो. तो मागच्या दोन्ही चाकांना एकमेकांशी जखडून टाकतो. दादाने हात लांब करून खटका ओढला, ‘टक्’ असा आवाज आला, जमिनीवरच्या चाकाला जाग आली आणि जीप एक आचका देऊन वर!

ओरडलो आम्ही दोघंही. नाल्यावर कपडे धुणाऱ्या बायकाही हसल्या. त्यातली एक म्हणाली, ‘आठे तं आमनी बैलगाडी रोज चढस.’

नऊ किलोमीटरचे बारा झाले होते आणि त्याला साडेचार तास लागले होते. नाश्ता कधीच हुकला होता.

जाता जाता

मुंबईहून धुळे सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास, नाशिकहून साधारण दीडशे-एकशेसाठ. रात्री धुळ्यात मुक्काम करा. येताना लळिंगच्या घाटात उजेड असेल तर लळिंग किल्ला डोक्यावर दिसतो. स्वतःची फोर बाय फोर नेणार असाल, तर पावसाळ्यात आणि अवकाळीनंतर आठ-दहा दिवस काळ्या मातीकडे फिरकू नका. डिसेंबर ते मार्च उत्तम, एप्रिल-मेमध्ये ऊन चाळिशीच्या वर जातं आणि जमिनीला भेगा पडतात. एकटी गाडी कधीच नाही, किमान दोन हव्यात, ओढायला पट्टा हवा आणि हवा परत भरायला छोटा कॉम्प्रेसर हवा. हवा न भरता हायवेला लागलात तर टायर तापून फुटतो. वनखात्याच्या जमिनीत आणि शिरपूर बाजूच्या अनेर अभयारण्यात परवानगीशिवाय गाडी घालणं हा सरळ गुन्हा आहे, तिकडे हौस नको. चालवायला शिकायचंच असेल तर इगतपुरीजवळ महिंद्राने ऑफ-रोड ड्रायव्हिंगची अकादमी उभारली आहे, जाण्याआधी चौकशी करून जा. गावात शिरलात की आधी चहाच्या टपरीवर थांबा, कुठल्या शिवारात पाणी सुरू आहे विचारा. पाच मिनिटं जातात.

आणि परतताना ढाब्यावर शेवभाजी घ्या. तिखट कमी करायला सांगू नका, ते ऐकत नाहीत. सोनगीरच्या तांबटांकडे ठोक्याचं काम बघायला मिळालं तर बघाच. मी पितळेचा एक तांब्या घेतला. भाव वजनावर ठरतो, घासाघीस फारशी चालत नाही.